चाळीस टक्क्यांचा वसंत

मार्च लागला की नॉर्थ डकोटातल्या आमच्या फार्गोत बर्फाचं फावडं कुठे ठेवायचं यावरून घराघरात मतभेद होतात. आमच्याकडे तर ठरलेलेच. नवऱ्याचं म्हणणं असं की हवामानशास्त्राच्या हिशेबाने एक मार्चला वसंत सुरू होतो, तेव्हा फावडं गराजच्या मागच्या भिंतीवर गेलं पाहिजे. मी म्हणते, मे उजाडेपर्यंत ते दाराशीच राहू दे. समोरच्या घरातल्या म्हातारबांनी यावर परस्पर तोडगा काढला आहे. त्यांच्याकडे दोन फावडी आहेत. एक ते साग्रसंगीत पुसून, दांड्याला तेल लावून आत टांगतात. दुसरं ओसरीवर राहून जातं. दरवर्षी तेच राहतं आणि दरवर्षी ते चुकूनच राहतं.

म्हातारबा मूळचे शेतकरी. नॉर्वेहून आलेल्या पणजोबांनी नांगरलेल्या जमिनीत त्यांनी जन्मभर गहू आणि शुगर बीट पिकवलं. आता जमीन मुलगा बघतो आणि हे गावात राहायला आलेत. गाव बदललं तरी आभाळाकडे बघण्याची खोड काही सुटलेली नाही. सकाळी कॉफीचा मग घेऊन ओसरीवर उभे राहतात. आधी वायव्येकडे बघतात, मग खिशातून फोन काढून हवामान खात्याचा नकाशा बघतात. दोन्हींचं म्हणणं जुळलं तर मान डोलावतात. नाही जुळलं तर वायव्येचं ऐकतात.

हा नकाशा मीही बघते. पुढच्या सहा ते दहा दिवसांचा एक आणि आठ ते चौदा दिवसांचा एक, असे दोन अंदाज रोज निघतात. तापमानाच्या नकाशात निळा रंग गारठ्याचा, केशरी उबेचा. पाण्याच्या नकाशात तपकिरी कोरडा, हिरवा ओला. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात उत्तरेच्या मैदानावर, म्हणजे मोंटानाच्या पूर्व भागापासून दोन्ही डकोटांवरून मिनेसोटापर्यंत, बऱ्याचदा एक फिका हिरवा डाग पसरतो आणि त्यावर 40 असा आकडा असतो. टीव्हीवरचा माणूस त्या डागाकडे हात करून हसत सांगतो की बर्फाची शक्यता आहे. नकाशा मात्र बर्फाचं नावही काढत नाही. तो फक्त पाण्याबद्दल बोलतो आणि तेही फार जपून. तीस वर्षांच्या नोंदी घ्यायच्या, त्यांचे कोरडा, मधला आणि ओला असे तीन सारखे वाटे करायचे. काहीच सांगता येत नसेल तेव्हा प्रत्येक वाट्याला 33 टक्के. चाळीस म्हणजे ओल्या वाट्याच्या पारड्यात दोन-चार दाणे जास्त पडले, एवढंच. उरलेले साठ टक्के दुसरीकडे आहेत, हे तो डाग लपवत नाही, पण बघणाऱ्याच्या ते लक्षातही राहत नाही.

बाकी पाणी पडलं तरी ते पाणी म्हणून पडेल की बर्फ म्हणून, हा वेगळाच प्रश्न. जानेवारीत तो नसतोच. तेव्हा वरून येईल ते बर्फच, कोरडं, पिठासारखं, फुंकर मारली तरी उडणारं. ते बहुधा कॅनडातल्या अल्बर्टाकडून येतं. घाईघाईत येतं, दोन-तीन इंच सांडतं, मागून वारा सोडतं आणि संध्याकाळपर्यंत विस्कॉन्सिन गाठतं. मार्च-एप्रिलची गोष्ट निराळी. तेव्हा वादळं कोलोरॅडोकडून येतात. पश्चिमेचा वारा रॉकी पर्वत ओलांडून पूर्वेच्या उतारावर उतरला की तिथे हवेच्या कमी दाबाचा भोवरा तयार होतो. तो थेट मेक्सिकोच्या आखातापर्यंत हात लांबवून दमट हवा ओढून घेतो आणि ती आमच्या गारठ्यावर आणून चढवतो. एकाच वादळात दक्षिणेला विजांसह पाऊस, मधल्या पट्ट्यात गोठणारा पाऊस आणि उत्तरेला फूटभर बर्फ. या तीन पट्ट्यांच्या सीमा पन्नास मैल इकडे की तिकडे, हे एखाद-दुसऱ्या अंशावर ठरतं. आठवड्याआधी तो अंश कोणालाच कळत नाही. म्हातारबांच्या वायव्येलाही नाही.

या दिवसांतलं बर्फ ओलं आणि जड असतं. जानेवारीत एक इंच पाण्याचं पंधरा-वीस इंच बर्फ होतं. मार्चअखेर त्याच पाण्याचं सहा-सात इंच. दिसायला कमी, पण एकेक फावडं कितीतरी जड. फावड्यात घेतलं की दांडा वाकतो आणि कंबर आपलं वय सांगते. इथे त्याला सरळ ‘हार्ट अटॅक स्नो’ म्हणतात, आणि ती थट्टा नाही. ते उपसताना दरवर्षी माणसं छाती धरून खाली बसतात. फावडं चालवणाऱ्याला हे बर्फ नकोसं होतं. आणि पेरणाऱ्याला नेमकं हेच हवं असतं.

मी मंगळवेढ्याची. आमच्याकडची काळी रानं नजर पोचेल तिथपर्यंत सपाट, आणि त्यात पिकते ती रब्बीची ज्वारी. ही ज्वारी उभ्या पावसावर येत नाही. हस्ताचा, परतीचा पाऊस जमिनीत मुरतो आणि पुढचे तीन-चार महिने पीक त्या मुरलेल्या ओलीवर उभं राहतं. त्यामुळे पाऊस किती पडला हा आमच्याकडे अर्धाच प्रश्न. ओल किती खोल गेली, हा खरा. आजोबा रानात गेले की टाचेने ढेकूळ फोडायचे, खालची माती मुठीत दाबायचे, मूठ उघडून बघायचे. गोळा टिकला तर घरी येऊन चहा मागायचे. नाही टिकला तर मागायचे नाहीत. आम्ही पोरं चहाच्या ऑर्डरीवरून पेरणीचा अंदाज बांधत असू.

पाडव्याला मारुतीच्या देवळात पंचांग वाचलं जाई. संवत्सराचं नाव, त्याचं फल, कोणत्या नक्षत्राचं वाहन काय. बेडूक, म्हैस, हत्ती आले की मंडळी सावरून बसत. कोल्हा किंवा मेंढा आला की कोणीतरी खाकरे. आजोबा हे सगळं मनापासून ऐकत, गूळ-कडुलिंब खात, आणि घरी येऊन बियाणं मात्र स्वतःच्या हिशेबाने काढत. पंचांगावर त्यांची श्रद्धा नव्हती असं नाही. ती होती, पण जागच्या जागी होती. म्हातारबांचं त्या फोनमधल्या हिरव्या डागाशी असलेलं नातं मला आजोबांमुळे लगेच ओळखू आलं.

रेड रिव्हरचं हे खोरंसुद्धा काळं आणि सपाट आहे. हिमयुगाच्या शेवटी इथे आगासिझ नावाचा अवाढव्य तलाव होता, त्याच्या तळाचा गाळ म्हणजे ही जमीन. मैलाला फूटभरही उतार नाही. मी पहिल्यांदा गावाबाहेर पडले तेव्हा सपाटपणा ओळखीचा वाटला आणि काळेपणा तर फारच. नंतर एका एप्रिलात म्हातारबांच्या मुलाच्या शेतावर गेलो होतो. आदल्या आठवड्यात पडलेलं बर्फ बांधाच्या सावलीला शिल्लक होतं, बाकीचं जमिनीने पिऊन टाकलं होतं. म्हातारबांनी बुटाच्या टाचेने ढेकूळ फोडलं, खालची माती मुठीत दाबली, मूठ उघडून बघितली. मग मुलाकडे बघून एवढंच म्हणाले, “ओल बरी आहे.” इथली माणसं ‘उत्तम’ वगैरे म्हणत नाहीत. ‘वाईट नाही’ ही इथली वरची पायरी.

पण ओलीलाही प्रमाण हवं, आणि ते प्रमाण या नदीला कळत नाही. रेड रिव्हर उत्तरेकडे वाहते. वसंत दक्षिणेकडून येतो. म्हणजे दक्षिणेचं बर्फ आधी वितळून पाणी निघतं तेव्हा पुढे उत्तरेला नदी अजून गोठलेलीच असते. पाण्याला वाट नाही आणि जमिनीला उतार नाही. मग ते आडवं पसरतं. शिशिरात किती बर्फ साचलं, त्यात पाणी किती, खालची जमीन किती खोल गोठलीय, वितळणं हळूहळू होईल की एकदम, आणि त्यातच मार्च-एप्रिलात नवं वादळ आलं तर काय, या सगळ्याची बेरीज म्हणजे इथला वसंताचा अंदाज. बाहेरच्याला वाटतं हे लोक बर्फाला कंटाळून नकाशा बघतात. ते नदीसाठी बघतात.

1997 ची गोष्ट इथे अजून घरातल्या गोष्टीसारखी सांगतात. मी आले त्याच्या कितीतरी आधीची, पण ऐकून ऐकून मला पाठ झाली आहे. त्या हिवाळ्यात फार्गोत 117 इंच बर्फ पडलं, म्हणजे जवळजवळ दहा फूट. वादळं इतकी आली की याच नदीवरच्या ग्रँड फोर्क्स शहराच्या ‘हेराल्ड’ या दैनिकाने त्यांना मुळाक्षरांच्या क्रमाने नावं द्यायला सुरुवात केली. नोव्हेंबरात आलेली अँडी, मग बेटी, क्रिस्टोफर, असं करत करत गाडी आठव्या अक्षरावर आली तेव्हा एप्रिल उजाडला होता. सगळ्यांना वाटत होतं झालं, संपलं. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात हॅना आली. आधी गोठणारा पाऊस, त्याने विजेच्या तारा आणि खांब खाली आणले; वरून बर्फ आणि वारा. लोक अंधारात, थंडीत, आणि तळघरात पाणी उपसणारे पंप विजेविना बंद.

त्या आधी, फेब्रुवारीतच, हवामान खात्याने ग्रँड फोर्क्ससाठी पुराचा अंदाज दिला होता: 49 फूट. एक आकडा. 1979 च्या पुरापेक्षा थोडासाच वर. आकडा ऐकल्यावर माणसाला काम सुचतं. शहराने त्या हिशेबाने बांध चढवले, शाळेतल्या पोरांपासून आज्यांपर्यंत सगळ्यांनी वाळूची पोती भरली, आणि घराच्या भिंतीवर, विजेच्या खांबावर 49 ची रेघ मनातल्या मनात ओढून सगळे जरा निर्धास्त झाले. एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात नदी त्या रेघेवरून गेली आणि जातच राहिली. शेवटी ती 54.35 फुटांवर थांबली. पन्नास हजारांच्या आसपास वस्तीचं शहर रिकामं करावं लागलं. त्यातच मध्यवस्तीत आग लागली. भोवती पाणीच पाणी, आणि आगीचे बंब त्या पाण्यामुळेच पोचू शकत नव्हते. अकरा इमारती जळाल्या. त्यात हेराल्डचं कार्यालयही होतं. पेपर मात्र एक दिवस चुकला नाही. दुसऱ्या शहरात छापून आणून छावण्यांमधून वाटला. पुढच्या वर्षी त्याला सार्वजनिक सेवेचं पुलित्झर मिळालं.

या पुरावर पुष्कळ लिहिलं गेलंय. मला त्यातली एकच गोष्ट छळते. 49 हा आकडा काही लबाडीचा नव्हता. त्या वेळच्या माहितीवर जाणत्या माणसांनी काढलेला होता. त्या आकड्याला पुढे-मागे कित्येक फुटांची जागा सोडायला हवी, हे काढणाऱ्यांना माहीत होतं. पण ती जागा लोकांपर्यंत पोचली नाही. पोचला तो नुसता आकडा. आकडा इतका स्पष्ट होता की त्यात शंकेला उभं राहायलाही जागा नव्हती. कोणी जर सांगितलं असतं की 49 बहुधा, पण 54 होण्याचीही थोडी शक्यता आहे, तर? बांध आणखी चढले असते का, सांगता येत नाही. पण पुष्कळांनी निदान पुराचा विमा उतरवला असता आणि तळघरातले फोटोंचे खोके माळ्यावर नेले असते. त्यानंतर हळूहळू इथल्या नद्यांचे लांब पल्ल्याचे अंदाज बदलले. आता अमुक फूट येईल असं सांगत नाहीत. इतक्या फुटांच्या वर जाण्याची शक्यता इतकी टक्के, अशी उतरती यादी देतात. पहिल्यांदा वाचताना वैताग येतो. सरळ सांगा ना, असं वाटतं. ग्रँड फोर्क्सला एकदा सरळ सांगून झालंय.

या अंदाजासाठी लागणारी माहिती कशी गोळा होते हे कळलं तेव्हा मला फार गंमत वाटली. बर्फात पाणी किती आहे हे मोजायला एक छोटं विमान हिवाळ्याच्या उत्तरार्धात जमिनीपासून जेमतेम पाचशे फुटांवरून सरळ रेषेत उडत जातं. मातीतल्या पोटॅशियम, युरेनियम, थोरियमच्या अंशांतून सतत थोडा गॅमा किरणोत्सर्ग वर येत असतो. वर बर्फ असलं की त्यातलं पाणी तो अडवतं. बर्फ पडायच्या आधी, शरद ऋतूत, त्याच रेषेवरून उडून मोजलेलं असतं. दोन्हींतला फरक म्हणजे मधलं पाणी. बर्फ दोन फूट आहे की चार, भुसभुशीत आहे की दाबलेलं, याच्याशी काही देणंघेणं नाही. आजोबा मूठ दाबून बघायचे तेच, फक्त विमानातून. आजोबांना हे सांगायला हवं होतं. त्यांनी आधी विचारलं असतं की विमानाला तेल कोण घालतं.

फार्गोत 2009 च्या मार्चमध्ये नदी 40.84 फुटांवर गेली, तो इथला विक्रम. त्या वेळी फुटबॉलच्या बंदिस्त स्टेडियममध्ये हजारो लोक वाळूची पोती भरत होते. पाणी 43 फुटांवर जाऊ शकतं असं सांगितलं गेलं होतं. मग ऐन वेळी गारठा परतला, बर्फही पडलं, शेतांतून येणारं पाणी जागच्या जागी गोठलं आणि नदी तिथेच थबकली. गाव वाचलं ते पोत्यांनी आणि उशिरा आलेल्या त्या थंडीने. म्हणून फार्गोत मार्चअखेरच्या गारठ्याला कोणी तोंड भरून शिव्या देत नाही. अर्धं तोंड भरून देतात.

आमच्या ऑफिसात एक मुलगी आहे. तिचे आईवडील राज्याच्या पश्चिमेला गुरं पाळतात. शेती आणि गुरं यांचा हवामानाशी करार वेगवेगळा असतो, हे मला तिच्यामुळे कळलं. 2021 साली नॉर्थ डकोटात भयंकर दुष्काळ पडला. चारा नव्हता, तळी आटली, पुष्कळांनी पिढ्यान्पिढ्या जोपासलेली गुरं बाजारात नेली. तिच्या वडिलांनीही नेली. त्यामुळे पुढच्या वसंतात नकाशावर हिरवा डाग दिसला की तिच्या घरी आनंद व्हायला हवा होता. झालाही असेल. पण मार्च-एप्रिल हे गाई विण्याचे दिवस. नुकतं जन्मलेलं वासरू ओलं असतं. कोरडी थंडी, अगदी शून्याखाली वीस असली तरी, ते सोसतं. आई चाटून कोरडं करते, पोटात चीक गेला की उभं राहतं. ओलं बर्फ आणि वारा मात्र सोसत नाही.

2022 च्या एप्रिलात, 12 ते 14 तारखेला, नेमकं तसंच वादळ आलं. पश्चिमेला आणि उत्तरेला काही ठिकाणी फूट-दोन फूट नव्हे, त्याहून जास्त बर्फ पडलं. शाळा बंद, हमरस्ते बंद. या मुलीचा फोन दिवसभर टेबलावर उलटा पडलेला आणि दर थोड्या वेळाने ती तो सुलटा करून बघायची. तिची आई फोटो पाठवत होती: पिकअपच्या पुढच्या सीटखाली पाय ठेवायच्या जागेत, हीटरच्या झोतासमोर, दुमडून बसलेलं वासरू. न्हाणीघराच्या टबात कोमट पाण्यात मान वर धरलेलं दुसरं. स्वयंपाकघरात जुन्या टॉवेलांवर तिसरं, त्याच्या कानांवर लोकरीची कानटोपी, कारण थंडीत आधी कानांची टोकं जातात. त्या फोटोंमध्ये तिचे वडील कुठेच नव्हते. ते बाहेर होते. रात्री दर दोन तासांनी कुंपणाच्या कडेने, हातात टॉर्च घेऊन, बर्फात गाडलं गेलेलं काही हलतंय का ते बघत. जी सापडली नाहीत त्यांचे फोटो नव्हते.

त्याच 14 एप्रिलला मंगळवेढ्याहून बाबांचा फोन आला. दिल्लीत हवामान खात्याने मोसमी पावसाचा पहिला अंदाज जाहीर केला होता: सरासरीच्या 99 टक्के. मी म्हटलं, “बरंय की मग.” बाबा म्हणाले, “देशाचं 99 गं. मंगळवेढ्याचं कोण सांगणार?” आणि मग, “तुमच्याकडे काय?” मी म्हटलं, बर्फ. ते म्हणाले, “अजून? पाडवा होऊन बारा दिवस झाले.” उन्हाळ्याने ते हैराण होते, त्यांच्याकडे पारा चाळिशीच्या आसपास, आमच्याकडे खिडकीबाहेर पांढरा अंधार. मला त्या मुलीच्या वासरांबद्दल त्यांना सांगायचं होतं. सांगितलं. ते थोडा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, “दुष्काळ हटंल मात्र त्यांचा.”

हटला. त्या वादळाने आणि पाठोपाठ एप्रिलअखेरीस आलेल्या दुसऱ्या वादळाने दुष्काळाच्या नकाशावरचे लाल पट्टे पुसले. तळी भरली, पुढे गवत गुडघ्यापर्यंत आलं. पेरण्या इतक्या लांबल्या की म्हातारबांच्या मुलाचा गहू मे संपत आला तरी पोत्यातच होता. ज्या बर्फाने वासरं नेली त्यानेच उरलेल्यांच्या चाऱ्याची सोय केली. याला चांगलं म्हणावं की वाईट, असं मी त्या मुलीला एकदा विचारलं. ती म्हणाली, तिच्या वडिलांना अजून कोणी विचारलेलं नाही, आणि कोणी विचारूही नये.

तर असा हा वसंत. रॉबिन पक्षी परत येतात, अंगणात गांडुळं शोधत हिंडतात. जुनी माणसं सांगतात की रॉबिनच्या शेपटीवर तीनदा बर्फ पडल्याशिवाय वसंत खरा नाही. पिवळ्या छातीचा मेडोलार्क कुंपणाच्या खांबावर बसून गातो आणि खाली खांब अर्धा बर्फात असतो. मार्चमध्ये शाळांच्या राज्यस्तरीय बास्केटबॉल स्पर्धा असतात आणि त्या आठवड्यात वादळ येणारच, अशी सगळ्यांची खात्री आहे. कोणी आकडेवारी काढून हे खोटं ठरवलं तरी उपयोग नाही. स्पर्धेला निघालेल्या पालकांच्या गाडीत ब्लँकेट, मेणबत्ती, चॉकलेट आणि फावडं असतंच. गोठलेले रस्ते वरून वितळायला लागले की जड ट्रकांवर वजनाची मर्यादा येते. तळ्यावरची मासेमारीची झोपडी मार्चच्या मध्यापर्यंत काढावी लागते. कायदेही इथले ऋतूला विचारून चालतात.

आणि हमरस्त्यांना गेटं आहेत. नव्या माणसाला त्याचंच सगळ्यात नवल वाटतं. इंटरस्टेट 94 किंवा 29 वर चढायच्या जागी, रेल्वेच्या फाटकासारखा आडवा दांडा. वादळ आलं की तो खाली येतो आणि रस्ता बंद. त्याआधी ‘प्रवास टाळा’ असा इशारा निघतो. आभाळ निळं असतानाही कधी कधी निघतो, कारण हिमवादळ ठरायला नवं बर्फ पडावं लागत नाही. ताशी 35 मैलांचा वारा आणि पाव मैलाच्या आत दिसेनासं होणं, हे तीन तास टिकलं की झालं. जमिनीवरचं जुनं बर्फच उठतं. 15 मार्च 1941 चा शनिवार असाच फसवा, उबदार होता. माणसं बाजाराला, नाचाला गावात आली होती. त्या काळी अंदाज दूर शिकागोहून निघत आणि एवढं काही येतंय हे त्यात नव्हतं. संध्याकाळी वायव्येकडून वारा आला आणि परतीच्या वाटेवरची कितीतरी माणसं आपापल्या मोटारींत किंवा मोटारीपासून थोड्या अंतरावर गोठली. 1966 च्या मार्चमधला एक फोटो इथे सगळ्यांना ठाऊक आहे: जेम्सटाउनजवळ बर्फाच्या ढिगावर एक माणूस उभा आहे आणि टेलिफोनच्या खांबाच्या वरच्या आडव्या पट्ट्या त्याच्या डोक्याजवळ आल्या आहेत. खांब किती उंच असतो ते आठवून तो फोटो बघावा.

नातेवाईक दर वर्षी विचारतात, मार्चअखेर येऊ का, तोवर वसंत आला असेल ना. मी त्यांना नकाशा पाठवते आणि वर लिहिते की चाळीस टक्के. त्यावर “म्हणजे नक्की काय?” असं उत्तर येतं. तेव्हा वाचकांपैकीही कोणी इकडे येणार असेल तर आताच सांगून ठेवते. मेच्या दुसऱ्या पंधरवड्यातलं तिकीट काढा. आधी यायचंच असेल तर परतीची तारीख बदलता येईल असं काढा, जाड बूट आणा, गाडी भाड्याने घेतली तर तिच्यात पाणी आणि पांघरूण ठेवा. आणि रस्त्यावरचं गेट खाली असेल तर वर आभाळ कितीही निळं दिसलं तरी त्याला वळसा घालून जाऊ नका.